लेकीला मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीतच येतं

या वेळचं पत्र बेंगळुरूहून आलंय. लांब होतं, थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी कोल्हापूरची, नवरा कुंभकोणमचा. दोघं आयटीत, लग्नाला सात वर्षं झाली. मला तमिळ येत नाही, त्याला मराठी येत नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी इंग्रजीतच बोलतो. मुलगी आता पावणेचार वर्षांची आहे. मी तिच्याशी मराठी बोलते (बऱ्यापैकी). तो तिच्याशी तमिळ कमी आणि इंग्रजीच जास्त, कारण माझ्यासमोर तमिळ बोलायला त्याला कसंतरी वाटतं, मला बाहेर ठेवल्यासारखं. मुलीला मराठी सगळी कळते पण उत्तर इंग्रजीत येतं. नाहीतर मग खिचडी, म्हणजे मला म्हणते 'आई मला तण्णी पाहिजे' आणि त्याला म्हणते 'अप्पा हे ओपन पण्णु'. प्लेस्कूलच्या टीचरनी परवा बोलावून सांगितलं की ती कन्फ्यूज होतेय, घरी एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्लिश. त्यात गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी आई तिला म्हणाली बाळा मराठीत बोल की, तर ही म्हणाली 'आय डोन्ट वॉन्ट टू' आणि पळाली. आई काही बोलली नाही पण तिचा चेहरा मी बघितला. काय करू? मराठी सोडून देऊ का? उशीर झालाय का?"

अगं, आधी त्या टीचरचं बघू, कारण झोप तुझी तिनेच उडवलेली दिसतेय. तूच दिलेली दोन वाक्यं परत वाच. 'आई मला तण्णी पाहिजे', यात मला आणि पाहिजे दोन्ही जागच्या जागी आहेत, वाक्य अख्खं मराठी आहे, फक्त पाण्याला तिने अप्पाकडचा शब्द वापरला कारण तो आधी हाताशी आला असेल. आणि 'हे ओपन पण्णु' हे ती तुला म्हणाली नाही, अप्पाला म्हणाली, म्हणजे पण्णु कोणापुढे चालतं ते तिला पक्कं माहितीय. कन्फ्यूज झालेलं मूल असं माणूस बघून भाषा बदलत नाही गं. आणि मिक्स करणं हाच आजार असेल तर आपण सगळेच पेशंट, तू ऑफिसमधे 'कॉल अटेंड करून मेल फॉरवर्ड केला' म्हणतेस, तिकडे तुझा नवरा 'फॉरवर्ड पण्णु' म्हणतो, इंग्रजी क्रियापद उचलायचं आणि मागे आपलं कर किंवा पण्णु चिकटवायचं ही युक्ती दोघांच्या भाषेत डिट्टो सेम आहे आणि पोरीने ती दोघांकडूनच घेतलीय.

टीचरला वाईट म्हणत नाहीये, पंचवीस मुलं सांभाळताना प्रत्येकाच्या घरी काय चाललंय ते कोण बघणार. पण घरची भाषा बंद करा हा सल्ला चुकीचा आहे. दोन-तीन भाषा ऐकल्याने मुलाचं बोलणं लांबत नाही. शब्द मोजायचेच असतील तर सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे, म्हणजे पाणी, तण्णी आणि वॉटर तिन्ही येतात तर ती पुढे आहे, मागे नाही. दोन वर्षं झाली तरी सगळ्या भाषांचे मिळून पन्नासेक शब्दसुद्धा नाहीत किंवा दोन शब्द जोडून काही म्हणत नाही असं असतं तर मी म्हटलं असतं कान तपासून घे, स्पीच थेरपिस्टकडे जा, आणि तेव्हासुद्धा औषध म्हणून आईची भाषा काढून घे असं म्हटलं नसतं. तुझी लेक तर तीन भाषांत नकार देऊ शकते, तिची काळजी नाही.

काळजी वेगळीच आहे, आणि ती सांगायला मला जरा माझ्या घरात यावं लागेल.

माझी आई धारवाडची, कानडी. बाबा साताऱ्याचे. आईने लग्नानंतर मराठी पटापट उचलली, घरात मराठीच, आम्हा भावंडांशी पण मराठीच, कोणी सक्ती वगैरे केली नव्हती, फक्त कोणीतरी म्हणालं पोरांना दोन-दोन भाषा कशाला आणि ते तिला पटलं. सुट्टीत आम्ही धारवाडला जायचो. दुपारी अज्जी शेंगा फोडत बसायची आणि मामेभावंडांना काहीतरी लांबलचक सांगत असायची, ते सगळे हसायचे, आणि मी अर्ध्या सेकंदाने उशिरा हसायची. कळायचं मला सगळं. पण बोलायला तोंड उघडलं की मराठी बाहेर यायची, मग भावंडं हसायची, मग मी तोंड उघडणंच बंद केलं. पुढे फोनवर अज्जीचा आणि माझा संवाद काय होता माहितीय? ती म्हणायची "ऊट आतेन?", म्हणजे जेवण झालं का, मी म्हणायची हो अज्जी, मग ती म्हणायची आईला दे. वीस वर्षं तेवढंच. प्रेम होतं की भरपूर, पण ते सगळं जेवण झालं का यात कोंबून बसवलेलं.

म्हणून 'कळते पण बोलत नाही' ही स्टेज मला चांगली ठाऊक आहे. तिथे माणूस आयुष्यभर राहू शकतो. पावणेचाराव्या वर्षी मात्र तिथून बाहेर येणं फार सोपं असतं, तेव्हा उशीर वगैरे काही झालेला नाही, हे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर.

आता मुद्द्यावर. तुमच्या घरात मराठी आणि तमिळची भांडणं नाहीचेत, दोघींना मिळून इंग्रजीने कोपऱ्यात ढकललंय. विचार कर, तुम्ही दोघं घराचे हप्ते कशात बोलता, भांडता कशात, रविवारी कुठे जायचं ते कशात ठरतं? इंग्रजीत. मुलं फार हिशेबी असतात. तिने कधीच ताडलंय की या घरात जे काही महत्त्वाचं असतं ते इंग्रजीत होतं, आणि मराठी ही आई दात घासताना आणि दूध संपवताना वापरते ती भाषा. शाळा इंग्रजी, कार्टून इंग्रजी, सोसायटीतल्या पोरांचं खेळणं इंग्रजी नाहीतर हिंदी. इंग्रजीला तुमच्या घरी काही करायचीच गरज नाही, ती लिफ्टमधून वर येतेच. (कन्नडची पण नको काळजी करूस, खाली खेळायला लागली की येईल, आणि कर्नाटकात २०१५ च्या कायद्यामुळे शाळेत शिकावी लागतेच. उलट तूच तिच्याबरोबर शिकून घे, सात वर्षं झाली की तिथे.)

तुला कोणीतरी 'एक माणूस एक भाषा' हा नियम सांगितलाच असेल, आईने एकच बोलायची, बाबाने एकच. हे जुनंय बरं का, फ्रान्समधे ज्यूल रोंझा म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ होते, बायको जर्मन, मुलगा लुई. हे त्याच्याशी फक्त फ्रेंच बोलायचे आणि ती फक्त जर्मन, आणि त्या सगळ्याच्या नोंदी त्यांनी १९१३ मधे छापल्या, तेव्हापासून हा नियम जगभर फिरतोय. नियम वाईट नाही, पण गॅरंटी पण नाही. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात अनिक द हाउवर या संशोधक बाईंनी जवळजवळ १९०० कुटुंबांची पाहणी केली होती, २००७ मधे छापून आली, ज्यांच्या घरात डचशिवाय दुसरी कुठली तरी भाषा बोलली जाते अशी कुटुंबं. त्यातल्या साधारण चारातल्या एका घरात पोरं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती, आईबाप बोलत असूनसुद्धा! आणि जिथे दोघंही पालक ती छोटी भाषा वापरत होते तिथे मुलं बोलायची शक्यता जास्त होती. म्हणजे एकट्या आईने किल्ला लढवायचा आणि बाकी सगळं बाहेरच्या भाषेत, हे अवघड जातं. तुझं तेच चाललंय, शिवाय तू स्वतःच कंसात लिहिलंयस 'बऱ्यापैकी'. त्या कंसावर मी जरा थांबले होते.

मग करायचं काय. पहिलं काम नवऱ्याचं. त्याला माझा निरोप दे की लेकीशी तमिळ बोल, बायकोसमोर बोल, बिनधास्त. तुला वगळल्यासारखं होईल म्हणून तो गप्प बसतो हे प्रेमळ आहे पण यात नुकसान तिघांचं आहे. आणि तुला सांगते, तमिळ शिकायचा याहून चांगला क्लास पैसे देऊन मिळणार नाही. तो तीन वर्षांच्या मुलीशी बोलणार म्हणजे हळू बोलणार, तेच तेच दहादा बोलणार, वस्तू हातात धरून बोलणार. वा (ये), उक्कारु (बस), सापडु (खा), वेण्डाम (नको). महिन्याभरात तुला घरातली निम्मी तमिळ कळायला लागेल. तसंच त्याचं मराठीबाबत. एकमेकांशी एकदम मराठी-तमिळ बोला असं मी सांगत नाही, सात वर्षांचा संसार इंग्रजीत झालाय, ती तुमच्या प्रेमाची पण भाषा आहे, ती कशी सोडणार. फक्त इतकं करा, दोघांना एकमेकांची भाषा कळायला लागली की 'याला कळणार नाही म्हणून इंग्रजीत सांगते' हे कारण उरत नाही. आत्ता तुमच्या घरात दिवसातून पन्नास वाक्यं या एका कारणाने इंग्रजी होत असतील.

आणि जेवताना हा खेळ खेळून बघा. तमिळमधे दुधाला पाल म्हणतात, आपल्याकडे पाल कुठे असते ते तुला माहितीच आहे. ताकाला तिकडे मोर. पायाला काल. म्हणजे अप्पा रोज पाल पितो आणि आई किंचाळते, अप्पाचा मोर ग्लासात आणि आईचा झाडावर, आणि अप्पाचा काल दुखतोय तर आई विचारणार, काल दुखत होता मग आज बरा का? या वयाच्या पोरांना असल्या गोष्टींचं वेड लागतं. आणि हसता हसता त्यांना पक्कं कळतं की एकाच आवाजाची दोन घरं आहेत. हे इंग्रजीत होऊच शकत नाही, हा तुमच्या घरचा खास खजिना आहे.

तसाच अजून एक. ती इंग्रजीत म्हणते 'वी आर गोइंग टू द पार्क', तेव्हा सहज विचार, आपण जाणार की आम्ही जाणार? आपण म्हटलं की मी पण आले, आम्ही म्हटलं की मी घरी. इंग्रजीच्या वी मधे ही सोय नाही, हिंदीच्या हम मधे नाही, पण तमिळमधे आहे बघ, नाम म्हणजे आपण आणि नांग म्हणजे आम्ही. मराठीला ही गोष्ट दक्षिणेच्या शेजारामुळे मिळाली असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे तुझं सासर आणि माहेर तुमच्या लग्नाच्या कितीतरी शतकं आधीच एकमेकांच्या स्वयंपाकघरात ये-जा करत होतं.

आता ती इंग्रजीत उत्तर देते तेव्हा तू काय करतेस ते फार महत्त्वाचंय. एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतल्या अमेरिकन आई आणि नॉर्वेजियन बाबा असलेल्या घरांचा अभ्यास करून हे छान मांडलंय की मुलाने दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं की आईबाप कसे वागतात त्यावर पुढचं ठरतं. एक टोक म्हणजे मला कळलंच नाही असं दाखवणं. दुसरं टोक म्हणजे आपणच त्या भाषेत घसरणं. पहिलं मला नाही आवडत, पोरीला माहितीय तुला इंग्रजी येतं, दिवसभर तू कॉलवर तेच बोलतेस, तिला नाटक कळेल. दुसरं तू आत्ता करतेस (कंस!). मधला रस्ता धर. ती म्हणाली 'आय वॉन्ट द ब्लू वन', तू म्हण, निळा पाहिजे? निळा फ्रॉक का निळी चड्डी? बस, टोकायचं नाही, 'मराठीत सांग बघू' म्हणायचं नाही, तिचंच वाक्य मराठी करून प्रश्नासकट परत द्यायचं. तिला उत्तरात निळा तरी म्हणावं लागतं. पहिले काही आठवडे एकेक शब्द येईल, तू मोजत बसू नकोस.

तुझ्या आईलाही हे सांग. बाळा मराठीत बोल की, यात मुलाला परीक्षा दिसते आणि परीक्षेपासून कोणीही पळणारच, मी पळत होतेच की. आजीने परीक्षा घेऊ नये, काम द्यावं. म्हणजे कॉल लावायचा तो आजी पोळ्या करत असताना, फोन डब्याला टेकवून ठेवायचा, आणि आजीने विचारायचं ही गोल झाली का गं, का पुन्हा लाटू? फुगली का बघ. नात 'नो' म्हणेल पहिल्यांदा, म्हणू दे. दोन-तीन रविवारी 'नाही फुगली' येईल. आणि तुम्ही मधे बसून दुभाषेगिरी करू नका, आजीला इंग्रजी येत नाही ही तुमच्या घरातली सगळ्यात मोठी ताकद आहे, ती वाया घालवू नकोस. सासूबाई येतात का राहायला? आल्या की त्यांच्याकडे पण असंच सोपव, पूर्ण तमिळमधे, तू मधे पडू नकोस.

पुस्तकांचं म्हणशील तर एक सोपी गोष्ट आहे. चेन्नईची तुलिका आणि तुमच्या बेंगळुरूची प्रथम बुक्स, दोघांकडे एकच चित्रांचं पुस्तक मराठीत पण मिळतं आणि तमिळमधे पण. प्रथमच्या स्टोरीविव्हरवर तर फुकट आहेत. एक रात्र अप्पाने तमिळ, दुसऱ्या रात्री तू मराठी, पुस्तक तेच. गोष्ट तिला पाठ असल्यामुळे नवी भाषा अंगावर येत नाही.

नवरा म्हणत असेल ना, की एवढा खटाटोप कशाला, दोन पिढ्यांत सगळं जाणारच आहे? तर त्याला त्याच्याच गावाशेजारी घेऊन जा. कुंभकोणमहून तंजावर तासाभरावर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी सतराव्या शतकात तिथे गेले, राज्य गेलं १८५५ मधे, पण तंजावरच्या बाजूला आजही अशी घरं आहेत जिथे घराबाहेर शंभर टक्के तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर तिथले मराठे राजे सरफोजी यांच्या काळातला लांबलचक मराठी शिलालेख आहे तो दाखव त्याला. त्या घरांतली मराठी ऐकलीस तर तुला हसू येईल, निम्मी जुनी, निम्मी तमिळ वळणाची, पुण्यात पास होणार नाही. पण टिकली. टिकली कारण त्यांनी ती घरात रोज वापरली, शुद्ध आहे का हे बघत बसले नाहीत. आणि तुझ्या माहेरच्या बाजूला, सांगलीजवळचं कुपवाड, तिथे गम्पर्झ आणि विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ मधे लिहिलं होतं की गावातली कानडी, मराठी आणि उर्दू शेजारी राहून राहून इतक्या सारख्या झाल्यात की एकीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत जातं, आणि तरी ज्याने त्याने घरची भाषा सोडलेली नाही. तुझ्या त्या टीचरला अख्खं कुपवाड कन्फ्यूज वाटलं असतं.

शुद्धवरून आठवलं. तुझं पत्र वाचताना मला एक शंका आली. पत्र अगदी नीटनेटकं, पुणेरी. तू लेकीशी हीच मराठी बोलतेस का? हॉस्टेलला येऊन कोल्हापूरची भाषा लपवायची सवय आपल्याकडे बऱ्याच मुलींना लागते, मी बघितलंय. पण पुस्तकी मराठीत राग नीट येत नाही, लाड नीट होत नाहीत, आणि म्हणूनच माणूस थकला की इंग्रजीत घसरतो. तुझ्या आईशी फोनवर जी बोलतेस ना, ती बोल लेकीशी. 'काय करालीस गं' म्हण. सायंकाळी सात वाजता दमून आल्यावर पण तोंडातून आपोआप निघते ती भाषाच मुलांपर्यंत पोचते.

आणि मे महिन्यात तिला तीन-चार आठवडे कोल्हापूरला ने. लॅपटॉप नेलास तर वरच्या खोलीत ठेव. गल्लीतल्या पोरांना इंग्रजीत 'माय टर्न' म्हटलेलं चालत नाही, तिथे डाव आपल्या भाषेतच मागावा लागतो, तो एक आठवडा ती गप्प राहील, रडेल पण कदाचित, तू घाबरून परतीचं तिकीट काढू नकोस. दुसऱ्या आठवड्यात ती खेळून धावत घरात येईल आणि तुमच्याकडच्या पोरींसारखं दारातूनच ओरडेल 'आई, मी आलो!' तेव्हा आलो नाही बाळा, आले म्हणायचं, असं जर तू तिला सांगितलंस ना, तर मला परत पत्र लिहू नकोस.